कार्यक्रम बनवताना पडणारे प्रश्न: रेडिओ, टीव्ही आणि ऑनलाइन

स्टुडिओत नव्यानं आलेली मुलं पहिल्या आठवड्यात जे विचारतात, तेच पॉडकास्ट काढणारे आणि स्वतःचं चॅनल सुरू करणारेही विचारतात. बरीच वर्षं उत्तरं तोंडी देत आले, आता लिहून ठेवते आहे. क्रम फार शास्त्रशुद्ध नाही. ज्या गोष्टीनं जास्त रडवलं तिचं उत्तर लांब झालं आहे.

सुरुवात करायची आहे. कॅमेरा कोणता घेऊ?

आहे तो फोन चालेल. पैसे आधी माइकवर घाला. चित्र थोडं अंधारं, थोडं हलतं असलं तरी माणूस बघत राहतो. आवाज फाटका किंवा घुमणारा आला की उठून जातो. पटत नसेल तर कुठलाही कार्यक्रम लावा आणि डोळे मिटा. विषय बहुतेक कळतो. मग डोळे उघडून आवाज बंद करा. नाच किंवा सामना सोडला तर थोड्याच वेळात तुमचा हात दुसऱ्या कशाकडे तरी जाईल.

माइकनंतर हेडफोन. कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. रेकॉर्डिंग चालू असताना एक माणूस हेडफोन लावून बसलेला असलाच पाहिजे. मीटर हलतं आहे म्हणजे काहीतरी आवाज जातो आहे, एवढंच कळतं. तो बोलणाऱ्याचा आहे की शर्टावर घासणाऱ्या माइकचा, हे कानालाच विचारावं लागतं.

माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो?

माइक लांब आहे म्हणून. बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट केलं की त्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. भिंती, छत आणि फरशीवरून परतून येणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे माइक जितका मागे न्याल तितकी खोली जास्त ऐकू येते आणि माणूस कमी. हे नंतर सॉफ्टवेअरनं पुसता येतं असं सांगणारे भेटतील. थोडं पुसता येतं, पण त्यासोबत आवाजातला जिवंतपणाही पुसला जातो आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटायला लागतो.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणा. अगदी समोर न धरता थोडा बाजूला, गालाच्या रेषेत ठेवा. आपल्या भाषेत फ, भ, ख, घ, ठ अशी श्वास फेकणारी व्यंजनं भरपूर आहेत. ‘फक्त’, ‘भाऊ’ म्हणताना तोंडासमोर तळहात धरून बघा, हवेचा झोत लागेल. तोच झोत माइकवर आदळला की ‘भप्’ असा धक्का रेकॉर्ड होतो. माइक बाजूला असला की झोत पुढे निघून जातो आणि आवाज तेवढा मिळतो.

खोली निवडताना उघड्या गुळगुळीत भिंती टाळा. पडदे, पुस्तकं, गाद्या असलेली खोली चांगली. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून केलेलं निवेदन मी स्वतः प्रसारणासाठी दिलेलं आहे. कुणालाही कळलं नाही.

कॉलर माइक, गन माइक की हातातला?

माणूस बसून बोलणार असेल तर कॉलर माइक. गन माइक, म्हणजे लांब नळीसारखा माइक, दूरचा आवाज ‘ओढून’ आणतो हा गैरसमज आहे. तो बाजूचे आवाज कमी घेतो, बस्स. कॅमेऱ्यावर बसवलेला गन माइक म्हणजे लांब ठेवलेला माइकच. तोच बूमवर, म्हणजे लांब दांडीवर, लावून चित्राच्या चौकटीच्या जरा वर धरला तर उत्तम काम देतो. गर्दीत, वाऱ्यात, पळापळीत हातातला माइक, आणि तो पाहुण्याच्या हाती देऊ नये. दिला की मुलाखत त्याच्या ताब्यात जाते.

आवाजाची लेव्हल किती ठेवू?

डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत. त्याच्या वर काही नाही, तिथे आवाज कापला जातो आणि कापलेला परत मिळत नाही. साधं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास उसळत राहील असं ठेवा, म्हणजे कुणी हसलं, ओरडलं तरी जागा उरते. अलीकडे ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर आले आहेत, त्यांत वर गेलेला आवाज नंतर खाली आणता येतो. मात्र माइकच आतून फाटला असेल तर रेकॉर्डर काय करणार?

पाहुण्याला ‘वन, टू, थ्री’ म्हणायला लावू नका. आकडे सगळे एकाच सुरात म्हणतात. ‘आज इथपर्यंत कसे आलात?’ असं विचारा. उत्तर देताना माणूस त्याच्या खऱ्या आवाजात येतो आणि जरा सैलही होतो.

रूम टोन खरंच लागतो का?

लागतो. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. कुठे दिव्याची बारीक गुणगुण, कुठे लांबच्या रस्त्याचा घोष. एडिट करताना दोन वाक्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची वेळ येते. तिथे नुसता शून्य आवाज टाकला तर ऐकणाऱ्याला भोक पडल्यासारखं वाटतं. म्हणून काम संपल्यावर सगळ्यांना आहे तिथे गप्प बसवून किमान अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. लोक हसतात, कंटाळतात, कुणीतरी हमखास खुर्ची करकरवतं. तरी करायची.

रेकॉर्डिंगच्या आधी पंखा बंद, एसी बंद, फ्रिजही बंद. फ्रिजचं एक असतं: चालू असताना त्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तो थांबला की कळतं इतका वेळ तो होता. कुणाच्या घरी चित्रीकरण करताना फ्रिज बंद केला तर आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवून द्यावी, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे. घरी निघायला किल्ली लागतेच, आणि ती घ्यायला गेलं की फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण होते. ही युक्ती मला एका घरातलं सामान नासवल्यावर कळली.

रेडिओसाठी लिहिणं आणि छापण्यासाठी लिहिणं यात एवढा काय फरक?

वाचणारा मागे जाऊ शकतो. ऐकणारा जात नाही, पॉडकास्टवर सोय असली तरी सहसा जात नाही. शिवाय आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजी वाक्यात कुणी काय केलं हे सुरुवातीलाच कळतं. मराठीत कोण, कुठे, कशामुळे हे सगळं डोक्यात धरून शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. ओझं जितकं लांब तितकं वाटेत सांडतं.

छापील बातमी अशी असते: ‘गेल्या तीन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धोक्याची पातळी ओलांडलेल्या नदीच्या काठावरील सतरा गावांमधील चार हजार दोनशे नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले असल्याची माहिती प्रशासनाने दिली.’ डोळ्यांना हे चालून जातं. आता मोठ्यानं वाचा. ‘सतरा गावांमधील’पाशी श्वास संपतो आणि ऐकणारा अजून नदीवरच अडकलेला असतो.

हेच बोलायचं झालं तर: ‘नदीकाठची सतरा गावं रिकामी केली आहेत, असं प्रशासनानं सांगितलं. चार हजारांहून जास्त लोक आता सुरक्षित ठिकाणी आहेत. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही आणि नदीनं धोक्याची पातळी ओलांडली आहे.’ आकडा सैल केला, ‘हलविण्यात आले असल्याची’ गेलं, आणि प्रत्येक वाक्याला एकच काम उरलं.

आकड्यांचं वेगळं सांगायला हवं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे घाईत सारखेच ऐकू येतात. नेमक्या आकड्याची गरज नसेल तर ‘जवळजवळ साठ’ म्हणा. गरज असेल तर दोनदा सांगा, दुसऱ्यांदा वेगळ्या वाक्यात. संहितेत मोठे आकडे अक्षरांत लिहा. ४२,७०,००० समोर आलं की थेट प्रक्षेपणात भलेभले अडखळतात. आणि ‘तो’, ‘ती’, ‘त्यांनी’ जपून वापरा. कागदावर ‘त्यांनी’ म्हणजे कोण हे वर बघून कळतं, कानाला वर बघता येत नाही.

मी वाचतोय हे लगेच कळतं. बोलल्यासारखं कसं करू?

संहिता लिहितानाच मोठ्यानं बोलत लिहा. तोंडात न बसणारा शब्द तिथेच बदलून टाका. मग एकच माणूस डोळ्यांसमोर आणा. ‘श्रोतेहो’ म्हणताना हजार लोक दिसत असतील तर आवाज आपोआप भाषणाचा होतो. हात मोकळे ठेवा आणि बोलताना हलवा, रेडिओवरही.

वाक्याच्या शेवटी आवाज पाडायची सवय फार जणांना असते. मराठीत ती महागात पडते, कारण ‘नाही’ शेवटी असतं. ‘या औषधाचा उपयोग होत नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं की नेमकं उलटं पोचतं. निवेदन शिकवताना मी मुलांना फक्त वाक्यांच्या शेवटच्या दोन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढायला सांगते. बाकी हळूहळू येतं.

टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर संहितेची अक्षरं सरकवणारं यंत्र, असेल तर लक्षात ठेवा: त्याचा वेग चालवणारा ठरवत नाही, वाचणारा ठरवतो. तुम्ही थांबलात तर अक्षरं थांबली पाहिजेत. त्याच्यामागे धावायला लागलात की डोळे वाचताना दिसतात.

मुलाखतीचे प्रश्न पाहुण्याला आधी द्यावेत का?

विषय सांगावा, प्रश्न देऊ नयेत. प्रश्न दिले की माणूस उत्तरं पाठ करून येतो आणि मग तो तुमच्याशी न बोलता पाठांतराशी बोलतो. तुम्ही मात्र पूर्ण तयारीनं जा. पंधरा प्रश्न लिहून न्या आणि पहिल्या उत्तरानंतर कागद उलटा ठेवा. उत्तरातच पुढचा प्रश्न असतो. तो ऐकू येण्यासाठी आपण कागदात डोकं खुपसून ‘आता पुढचा कुठला’ हे शोधत नसलं पाहिजे.

आपल्याकडे समोरचा बोलत असताना ‘हं’, ‘हो ना’, ‘अच्छा’, ‘बरोबर’ म्हणत राहणं हा शिष्टाचार आहे. न म्हटलं तर समोरच्याला वाटतं, लक्ष नाही. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळे हुंकार त्याच्या वाक्यांवर चढतात आणि एडिटच्या वेळी काढता येत नाहीत. त्यामुळे आधीच सांगून टाका: ‘मी मधे हं म्हणणार नाही, पण ऐकतोय.’ आणि मान हलवा, डोळ्यांत बघा.

तुमचा प्रश्न अंतिम कार्यक्रमात नसणार असेल तर उत्तरात प्रश्न गुंफायला सांगा. ‘तुम्ही हे काम कधी सुरू केलंत?’ याला ‘वयाच्या विसाव्या वर्षी’ एवढंच उत्तर आलं तर ते नंतर कुठेच लावता येत नाही. ‘मी हे काम विसाव्या वर्षी सुरू केलं’ आलं तर ते वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं.

एक वयस्क वादक बोलत होते. गुरूंबद्दल विचारलं, तर चार ठरीव वाक्यं बोलून थांबले. पुढचा प्रश्न माझ्या ओठावर आला होता, पण त्यांची बोटं मांडीवर ताल धरून चालू होती म्हणून मी थांबले. बराच वेळ काहीच नाही. साउंडवाल्यानं काचेपलीकडून हात हलवून ‘काय झालं?’ असं विचारलं. मग ते म्हणाले, ‘खरं सांगू का, मला त्यांची भीती वाटायची.’ पुढची वीस मिनिटं मी एकही प्रश्न विचारला नाही. कार्यक्रमात तीच वीस मिनिटं गेली, त्या शांततेसकट.

शेवटी ‘मी विचारायला हवं होतं असं काही राहिलं का?’ हे विचारा. पाहुण्याला ठाऊक असेल तर उठेपर्यंत रेकॉर्डर चालू ठेवा. त्याला न सांगता ठेवू नका.

एकाच कॅमेऱ्यावर मुलाखत करता येते का?

येते, बरीच वर्षं तशाच झाल्या. बोलणाऱ्याला पूर्ण चित्रित करा, मधूनमधून चौकट बदला. चौकट बदलायची ती तुमच्या प्रश्नाच्या वेळी, त्याच्या उत्तराच्या मधे कधीच नाही. नंतर जोडचित्रं घ्या: हात, टेबलावरच्या वस्तू, खोली, खिडकी. दोन वाक्यं जोडताना डोकं टुणकन उडी मारतं, ती उडी या चित्रांखाली झाकली जाते. कंजूषपणा करू नका. दहा मिनिटांच्या मुलाखतीला वीसेक तरी जोडचित्रं हवीत, आणि प्रत्येक किमान दहा सेकंद स्थिर.

दोघांच्या मधून एक काल्पनिक रेषा जाते असं समजा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडली की दोघेही एकाच दिशेला बघताना दिसतात, एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही.

मुलाखत संपल्यावर मुलाखतकाराचं मान डोलावणं वेगळं चित्रित करतात. मला ते फारसं आवडत नाही, पण चालतं. नंतर प्रश्नच बदलून विचारायचा आणि जुन्या उत्तराला जोडायचा, हे मात्र लबाडी आहे.

सेकंदाला २४, २५, ३० यापैकी किती फ्रेम (चित्रं) ठेवू?

तुमच्या भागात वीज ५० हर्ट्झची असेल तर २५, ६० हर्ट्झची असेल तर ३०. हे आकडे विजेवरूनच आले. जुन्या टीव्हीचं चित्र विजेच्या लयीशी जुळवलेलं असे. सिनेमाचा २४ हा आकडा १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले तेव्हा स्थिरावला. आवाजाला एकच ठरावीक वेग लागतो, हातानं फिरवलेला वेग चालत नाही. आणि २९.९७ हे विचित्र अपूर्णांकाचं प्रकरण अमेरिकेचं. तिथे १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक मंजूर झालं, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून ३० चा वेग किंचित कमी केला. तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. त्या फरकापायी एडिटर आजही शिव्या देतात.

५० हर्ट्झवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. चित्रावर पट्टे फिरताना दिसले तर शटर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा. फोन आपोआप ३० फ्रेम धरतो आणि शटरही मनानं बदलतो, हे पट्ट्यांचं नेहमीचं कारण.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

सुरुवातीला टाळी वाजवा. क्लॅप बोर्ड त्यासाठीच असतो: पाट्या मिटल्याची फ्रेम आणि ‘टक्’ची उसळी एकमेकांवर ठेवली की झालं. हाताची टाळीही चालते, फक्त ती चित्रात दिसली पाहिजे. शेवटीही एकदा वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं अगदी एक चालत नाहीत, तासाभरात काही फ्रेम सरकतात. फोन तर फ्रेमचा वेगच कमीजास्त करत राहतो; ती फाइल आधी ठरावीक वेगात बदलून घ्या, मग एडिटला लावा.

आणखी एक भौतिकशास्त्राची गंमत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २५ च्या वेगात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तेवढ्यात आवाज जेमतेम १४ मीटर कापतो. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी ठेवलेल्या कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज दोन फ्रेम मागे असतो, यंत्रात काही बिघाड नसताना. आवाज किंचित उशिरा आला तर मेंदू चालवून घेतो, कारण निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो. आवाज आधी आला तर लगेच खटकतं.

लाइट किती लागतात?

एक खिडकी. माणसाला तिच्याकडे तिरका बसवा, दुसऱ्या गालाच्या बाजूला पांढरा कागद किंवा थर्मोकोल उभा करा. खिडकी पाठीमागे कधी नको. खोलीतले पिवळे दिवे बंद करा. दिवसाचा प्रकाश ५६०० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपास, टंगस्टन दिवा ३२०० चा, आणि दोन्ही चेहऱ्यावर आले की कॅमेरा गोंधळतो. बाकीचं हळूहळू शिकाल.

एडिट कुठून सुरू करू? चार तासांचं साहित्य आहे.

कागदावरून. सगळं ऐका, उतरवून घ्या, मग संगणकापासून लांब बसून कापाकापी करा. जे वाक्य ऐकताना तुम्ही स्वतः मान वर केली होती, त्यावर खूण करा. कार्यक्रम त्या खुणांमधून उभा राहतो. सुरुवात बहुतेक वेळा तुम्हाला वाटते त्याच्या तीन मिनिटं पुढे असते. पाहुण्याचा परिचय, विषयाचं महत्त्व, हे सगळं काढून बघा.

आवाज आणि चित्र एकाच क्षणी कापू नका. पुढच्या माणसाचा आवाज आधी येऊ दे, त्याचं तोंड नंतर दिसू दे. किंवा आधीच्याचं बोलणं चालू असतानाच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा. याला जे-कट आणि एल-कट म्हणतात, कारण टाइमलाइनवर ते तुकडे त्या इंग्रजी अक्षरांसारखे दिसतात. खोलीतल्या माणसाचं लक्षही असंच फिरतं: आवाज आला की आपण वळून बघतो.

‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ सगळे काढू नका. माणूस बोलतो तसा राहू दे. श्वास तर कापूच नका, श्वास नसलेला आवाज ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव घुसमटतो. आणि ‘नाही’ सांभाळा. ‘मी त्यांना दोष देतो, असं नाही’ यातले शेवटचे दोन शब्द कापले की वाक्य पूर्ण वाटतं, जोड कळतही नाही, आणि माणूस आयुष्यातून उठतो. एडिट झाल्यावर स्वतःला विचारा: हा पाहुणा शेजारी बसून ऐकत असता तर ‘मी असं म्हटलं नव्हतं’ म्हणाला असता का?

पूर्वी सगळं लाइव्हच असायचं का?

बरंचसं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी हा गायक रेडिओवर थेट कार्यक्रम करून कंटाळला होता; दोन किनाऱ्यांवर घड्याळं वेगळी, म्हणून तोच कार्यक्रम रात्रीत दोनदा करावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अभियंत्यानं जर्मनीतून चुंबकीय टेपची यंत्रं आणली, आणि १९४७ पासून क्रॉस्बीचा कार्यक्रम टेपवर रेकॉर्ड होऊ लागला. टेप आली तशी कात्रीही आली: फसलेला विनोद कापायचा, चांगला हशा तिथे चिकटवायचा. व्हिडिओ टेप १९५६ ची. ती दोन इंच रुंद होती आणि तीही आधी ब्लेडनंच कापत. चुंबकीय खुणा दिसाव्यात म्हणून टेपवर लोहकणांचं द्रावण लावून सूक्ष्मदर्शकातून जागा शोधायची. एक कट द्यायला केवढा विचार होत असेल!

थेट कार्यक्रम वेळेवर संपतो कसा?

उलटी वजाबाकी करून. समजा कार्यक्रम ८ वाजून २९ मिनिटं ३० सेकंदांनी संपायचा आहे. समारोपाचं संगीत ४५ सेकंदांचं, म्हणजे ते ८:२८:४५ ला सुरू व्हायला हवं. निवेदकाचं शेवटचं बोलणं २० सेकंद, म्हणजे पाहुणा ८:२८:२५ ला थांबला पाहिजे. कंट्रोल रूममध्ये प्रोड्यूसर फक्त हा शेवटचा आकडा धरून बसतो. निवेदकाच्या कानात टॉकबॅकवरून (कंट्रोल रूममधून बोलायची सोय) ‘दोन मिनिटं... एक... तीस... गुंडाळ’ येत राहतं, आणि निवेदक चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता पाहुण्याकडे बघून हसत असतो. फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्याशेजारी बोटं दाखवतो.

रनडाऊनमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाच्या यादीत, एक ‘उशी’ ठेवा: गरज पडली तर टाकायचा किंवा काढायचा दीडेक मिनिटाचा तुकडा. फोनवरचा पाहुणा गायब होतो, क्लिप वाजत नाही, हे कधीतरी होणारच. अशा वेळी निवेदकाला कुणीतरी एकानंच कानात सांगावं. तिघं एकदम बोलले की तो गोठतो.

जाहिराती एवढ्या मोठ्यानं का वाजतात?

मीटर पूर्वी फक्त सर्वोच्च उसळी मोजायचं. जाहिरातवाल्यांनी उसळी तेवढीच ठेवून मधला सगळा आवाज दाबून वर आणला. नियम पाळला, कान फुटले. म्हणून मग कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते मोजणारं लाउडनेसचं माप आलं. युरोपीय प्रसारण संघानं २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस (या मापाचं एकक) हे लक्ष्य ठरवलं, अमेरिकेत ते उणे २४ आहे आणि त्याच वर्षी तिथे जाहिरातींच्या आवाजावर कायदाही झाला. पॉडकास्ट उणे १६ च्या आसपास ठेवा, कारण लोक तो रस्त्यात, प्रवासात ऐकतात. दोन बोलणाऱ्यांत तफावत असेल तर ती मात्र आधी हातानं मिटवा.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओच ना?

अर्धं खरं. बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकारानं फेब्रुवारी २००४ मध्ये एका लेखात हा शब्द सुचवला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट मिळून. तांत्रिक फरक आरएसएस फीडचा: नवा भाग आपोआप ऐकणाऱ्याकडे पोचतो. मला मोठा फरक वाटतो तो ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीत. रेडिओ कुणी मधूनच लावतो, म्हणून दर काही मिनिटांनी ‘आपण ऐकत आहात’ म्हणून पाहुण्याचं नाव सांगावं लागतं. पॉडकास्ट ऐकणारा स्वतः निवडून पहिल्या सेकंदापासून आलेला असतो. त्याला तेच तेच सांगितलं की तो चिडतो.

ऑनलाइन व्हिडिओ किती लांब असावा?

विषय संपेपर्यंत. उभा काढायचा की आडवा हे चित्रीकरणाआधी ठरवा. आडव्यातून उभा कापला की दोन माणसांतला एक बाहेर जातो. अक्षरपट्टी द्या. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही बघायचं असतं.

‘श्रेय दिलं आहे’ असं लिहून कुणाचंही गाणं वापरता येतं का?

नाही. श्रेय ही परवानगी होत नाही. शिवाय एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. जुनी रचना हक्कमुक्त झाली असली तरी तिचं अलीकडचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखालचं संगीत मिळतं, पण परवाना वाचा. ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) असेल तर कमाईच्या कामासाठी नाही. खरं सांगायचं तर बोलण्याखाली सतत वाजणारं संगीत मी बहुतेक वेळा काढूनच टाकते.

फाइल गेल्या. आता?

आता त्या मेमरी कार्डावर काहीही रेकॉर्ड करू नका. लगेच थांबलात तर रिकव्हरी सॉफ्टवेअरला बरंच सापडतं. पुढच्या वेळेसाठी: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं मोनो रेकॉर्डिंग तासाला सुमारे ५२० एमबी होतं, एवढ्याला जागा नाही असं म्हणू नका. प्रत उघडून ऐकल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे अंधारातही चुकत नाही.

रेकॉर्ड बटण दाबायलाच विसरलो. पाहुण्याला सांगू का?

लगेच सांगा. मीही हे केलं आहे: दिवा लुकलुकत होता म्हणजे रेकॉर्डर तयारीत होता, चालू नव्हता. पन्नास मिनिटं बोलणं झालं, आभार मानले, आणि थांबवायला गेले तर घड्याळ शून्यावर. पाहुण्या बाई चपला घालत होत्या. सांगितलं तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि परत येऊन बसल्या.

अशा वेळी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारू नका. दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट आटते, माणूस ‘मघाशी म्हटलं तसं’ म्हणत पुढे जातो. पाणी द्या, दहा मिनिटं जाऊ देत, आणि शेवटच्या प्रश्नापासून उलटं या. मी तसंच केलं. मघाशी राहून गेलेली एक गोष्ट या खेपेला आली. मात्र पहिल्या वेळचं त्यांचं ते हसणं परत आलं नाही. रेकॉर्डरचा आकडा पुढे सरकतोय ना, हे मी तेव्हापासून मोठ्यानं वाचून दाखवते: ‘एक, दोन, तीन, चालू आहे.’